गाडीनं बसकण मारली तेव्हा...

सकाळी सहाला सडा टाकायला दार उघडलं, तर अंगणात गाडी बसलेली. उभी नव्हे, बसलेली! म्हैस बसताना आधी पुढचे गुडघे टेकते, हे आपल्याला माहीत असतं. आमच्या गाडीनं उलटं केलं होतं. पुढून ताठ आणि मागून उजवीकडे पार जमिनीला टेकायला आलेली. चाक अर्धं पत्र्याच्या आत गेलेलं. मागोमाग सासूबाई ओट्यावर आल्या, कपाळावर हात आडवा धरून त्यांनी गाडी नीट न्याहाळली आणि म्हणाल्या, "सूनबाई, हिला काय झालं गं? व्यायला झाली का काय?"

मला हसू आवरेना. तेवढ्यात हे बाहेर आले, ऐटीत किल्ली फिरवली. मागून कुठून तरी 'घूंऽऽ' असा आवाज सुरू झाला आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात गाडी हळूहळू उठून उभी राहिली. "बघितलं? याला टेक्नॉलॉजी म्हणतात," हे म्हणाले. सासूबाईंनी फक्त "बरं" म्हटलं. त्यांचं 'बरं' मला लग्नापासून कळतं.

ही गोष्ट २०२३ च्या पावसाळ्यातली. आम्ही राहणारे राहुरीजवळच्या वस्तीवर. आदल्या दिवाळीत उसाचे पैसे हातात आले आणि यांनी पुण्याहून एक मोठी परदेशी बनावटीची गाडी आणली. दहा वर्षं जुनी, पण रुबाब नव्याचा. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा होता असं मला वाटत नाही. गाडीचं मोठं आकर्षण म्हणजे तिला 'हवेचं सस्पेन्शन' होतं. नगर–मनमाड रस्त्यावरून ज्यांनी पावसाळ्यात प्रवास केलाय, त्यांना हे ऐकून तोंडाला पाणी सुटेल. मलाही सुटलं होतं. खड्डा आला की गाडी नुसती कुरवाळल्यासारखी हलायची.

मैत्रिणींनो, हवेचं सस्पेन्शन म्हणजे काय, हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं. पण त्याचा भाऊबंद आपण सगळ्यांनी रोज ऐकलेला आहे. एसटी स्टँडवर थांबली की 'फुस्स' असा आवाज येतो ना? ती ब्रेकमधली हवा. सकाळची पहिली गाडी सुटायच्या आधी ड्रायव्हर इंजिन चालू करून थोडा वेळ नुसता बसून राहतो, आणि आपण मनात म्हणतो, "आता काय चहाची वाट बघतोय?" तो हवेच्या काट्याकडे बघत असतो. इंजिनाला जोडलेला कॉम्प्रेसर टाकीत पुरेशी हवा भरेपर्यंत ब्रेकचा भरवसा नसतो, म्हणून गाडी हलवायची नाही. हे मला माझ्या मावसभावानं सांगितलं. दादा एसटीत मेकॅनिक होता, आता निवृत्त झालाय. या गोष्टीत तो पुढं येणार आहे.

साध्या लाल एसटीत हवा असते ती ब्रेकला. अंग तोलून धरायला मात्र खाली लोखंडी पाटे असतात, एकावर एक रचलेले. आपल्या नगरकरांचं आणि एसटीचं नातं तर जुनं. १ जून १९४८ ला राज्यातली पहिली एसटी धावली ती पुणे ते नगर. लाकडी सांगाड्याची, काथ्याच्या सीटची बेडफर्ड गाडी. खाली पाटे, वर काथ्या आणि मधे आपली हाडं! पुढं शिवनेरीसारख्या गाड्या आल्या, त्यांत पाट्यांच्या जागी जाड रबराचे फुगे आले. गॅरेजवाले त्याला 'बलून' म्हणतात. त्यात हवा कोंडलेली असते आणि गाडी त्या हवेवर तरंगते. माणसं जास्त बसली तर हवा वाढवायची, उतरली तर सोडायची. उंची कायम तीच.

आमच्या गाडीतही तेच, फक्त छोट्या आकारात. चार चाकांपाशी चार बलून. प्रत्येक कोपऱ्याची उंची बघणारा एक सेन्सर. कुठल्या बलूनला हवा द्यायची ते ठरवणारी व्हॉल्व्हची डबी. आणि ही सगळी हवा पुरवणारा, शिलाई मशीनच्या मोटरीपेक्षा थोडा मोठा, बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर. तोच तो 'घूंऽऽ' करणारा.

तर तो 'घूंऽऽ' ऑगस्टमध्ये बंद पडला. गाडी बसली ती बसलीच. पुढ्यात पिवळा दिवा लागला. शहरातल्या एका गॅरेजात नेली (तीही कशी नेली ते विचारू नका), त्यांनी दहा मिनिटांत निदान केलं, "कॉम्प्रेसर गेला, नवा टाका." किंमत ऐकून माझे डोळे पांढरे झाले. एका दुभत्या म्हशीचे पैसे! यांनी गुपचूप भरले. जुना कॉम्प्रेसर ते भंगारात टाकणार होते, मी म्हटलं, "द्या इकडे." म्हशीच्या किमतीची वस्तू फुकट कशी सोडायची? गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकला.

पाच महिने गाडी छान चालली. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. रात्री कधीतरी अंगणातून 'घूंऽऽ' ऐकू यायचं आणि कुत्रं भुंकायचं. आमची गाडी बंद असली तरी अधूनमधून आपली उंची तपासते आणि कमी वाटली तर हवा भरते, हे पुस्तकात लिहिलेलं होतं. आम्ही कौतुकानं म्हणायचो, किती हुशार गाडी! ती बिचारी रात्ररात्र जागून काय झाकत होती, हे आमच्या ध्यानातच आलं नाही.

२०२४ ची संक्रांत झाली आणि चौथ्या दिवशी सासूबाई मोरीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. पुण्याला नेऊन ऑपरेशन झालं, सांधा बदलला. आठवड्याभरानं सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "धक्के बसू देऊ नका. खालच्या सीटवर बसवू नका, गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत. आणि गाडीतून उतरवताना घाई नको." हे लगेच म्हणाले, "डॉक्टर, आमच्या गाडीला हवेचं सस्पेन्शन आहे. सीटपण उंच आहे." मलाही वाटलं, चला, एवढे पैसे घातले ते आज सत्कारणी लागले.

वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव... सासूबाई मागच्या सीटवर उशांच्या आधारानं, पाय अर्धवट पसरून. मी शेजारी. शिरूरला घोडनदी ओलांडली, नगर जिल्हा लागला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आलं गं बाई घर." घर अजून बरंच लांब होतं. सुपा येईपर्यंत पुढ्यात तोच पिवळा दिवा लागला आणि पाठोपाठ माझ्या बाजूचा कोपरा खाली जायला लागला. आधी वाटलं पंक्चर. पण पंक्चरला असा आवाज नसतो. पुढच्या खड्ड्याला 'खाड' करून असा दणका बसला की सासूबाईंच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्यांनी फक्त माझा हात धरला. बलूनमधली हवा संपली की गाडी आतल्या रबरी ठोकळ्यावर टेकते. मग ना पाटा, ना स्प्रिंग, ना हवा. बैलगाडी परवडली, असं म्हणायचीही सोय नाही, कारण बैलगाडी एवढ्या वेगानं जात नाही.

गाडी बाजूला घेतली. समोरच एक पंक्चरचं दुकान होतं. दुकानवाला तरुण पोरगा, पण शहाणा. त्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला, "काकू, टायर टाइट आहे. हवा टायरात नाही, वरच्या बलूनमध्ये गेलीये. माझ्याकडे हवा आहे हो, पाहिजे तेवढी, टाकी भरलेली आहे. पण ह्याला भरायची कुठून? तोंडच नाही!"

त्याचं ते वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं. तीन फुटांवर हवेची टाकी, आणि आम्ही हवेवाचून अडलेलो.

शेवटी नगरहून ॲम्ब्युलन्स मागवली. ती यायला सव्वा तास लागला. तोवर सासूबाई कलत्या सीटवर, दुखऱ्या बाजूवर भार येऊ नये म्हणून मी पाठीला पाठ लावून बसलेली. पंक्चरवाल्या पोरानं त्याच्या आईकडून चहा आणून दिला. सासूबाईंनी बशीत ओतून दोन घोट घेतले, म्हणाल्या, "ह्याच्यापेक्षा लाल गाडीनं आलो असतो." हे काही बोलले नाहीत. त्यांचा चेहरा मला बघवेना.

तर सासूबाई ॲम्ब्युलन्समधून आणि गाडी दुसऱ्या गाडीच्या पाठीवर, अशी आमची वरात घरी आली. गॅरेजला फोन केला तर उत्तर आलं, "मोटर जळालेली दिसते. जळण्याला गॅरंटी नसते. नवा टाका." म्हणजे आणखी एक म्हैस!

यांनी होकार दिलाही असता. पण मी म्हटलं, आधी दादाला बोलवा.

दादा दुसऱ्या दिवशी आला. आल्याआल्या त्यानं गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. सासूबाईंपाशी बसला, चौकशी केली, चहा घेतला आणि मग यांना विचारलं, "दाजी, तुमच्या विहिरीवरची मोटर दोनदा जळाली होती ना? का जळाली होती?"

"फूटव्हॉल्व्ह गळत होता," हे म्हणाले. "पाणी मागं उतरायचं. मोटर कोरडी फिरायची."

"मग तेव्हा काय केलं? मोटर बदलली?"

"पहिल्यांदा नुसती भरून आणली. परत जळाली. मग फूटव्हॉल्व्ह..." आणि हे मधेच थांबले.

दादा हसला. "तेच आहे हे. कॉम्प्रेसर असा आपण होऊन मरत नाही. त्याचं काम दिवसातून थोडा वेळ चालायचं. कुठंतरी हवा गळतेय, तो भरतोय, ती गळतेय, तो परत भरतोय. गरम होतो, रिंग घासते, रिंग घासली की तेवढीच हवा भरायला दुप्पट वेळ चालतो, आणखी गरम होतो. शेवटी जळतो. तुम्ही मेलेला माणूस बदलला, रोग तसाच ठेवला."

आता गळती कुठं, हे शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण यांना शेतावर जायचं होतं आणि दादाला नगरला परतायचं होतं. कॉम्प्रेसर तर बंद. म्हणून दादानं पुण्याच्या ओळखीच्या माणसाकडून गॅरेजात चाचणीसाठी वापरतात तसा एक तात्पुरता कॉम्प्रेसर मागवला आणि लावून दिला. मला म्हणाला, "शिवणकामाची टेप आहे ना? रोज रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर चारही कोपरे मोज. लिहून ठेव. रात्रीचा कॉम्प्रेसरचा फ्यूज काढून ठेवतो, म्हणजे गाडी आपली आपण उठून तुला फसवणार नाही."

पहिल्या दिवशी मी जमिनीपासून मोजलं. दादा फोनवर म्हणाला, "अगं, तसं नाही. टायरमधली हवा कमी-जास्त असली तर माप चुकेल. चाकाच्या मधोमध टेप धर आणि वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोज." ब्लाउजचं माप घेताना खांद्याच्या शिवणीपासून धरायचं की गळ्यापासून, हा जसा फरक, तसाच हा. कॅलेंडरच्या मागं चार रकाने पाडले. रात्री चारही कोपरे एकोणीस इंच. सकाळी तीन कोपरे पाऊणेएकोणीस आणि मागचा उजवा... सोळा! तीन दिवस मोजलं, तिन्ही दिवस तेच. थंडीनं हवा आकसते, त्यामुळे चारही बाजू सारख्या पाव-अर्धा इंच उतरल्या तर घाबरायचं कारण नाही. एकच कोपरा खाली गेला तर तिथंच पाणी मुरतंय.

रविवारी दादा परत आला. गाडी भरून उंच केली, खाली लोखंडी घोड्या लावल्या आणि चाक काढलं. इस्त्रीला पाणी मारायची माझी फवाऱ्याची बाटली होती, त्यात धुण्याच्या पावडरीचं पाणी भरलं आणि बलूनवर मारत गेलो. वरच्या जोडावर काही नाही. नळीवर काही नाही. मग खाली, जिथं रबर आत दुमडलेलं असतं त्या घडीवर फवारा मारला आणि बारीक बारीक बुडबुडे उमटायला लागले. आमटी उकळायच्या आधी कडेनं येतात तसे.

मी बघतच राहिले. रबर बाकी सगळं धडधाकट होतं, फक्त घडीवर केसाएवढी चीर. पैठणी वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवली तर ती बरोबर घडीवरच विरते, म्हणून आपण दरवर्षी काढून घडी मोडतो. इथं घडी कोण मोडणार? दहा-बारा वर्षं त्याच जागी दुमडून उलगडून रबर थकलं होतं.

एवढ्यात माझा धाकटा, बुडबुडे बघायला म्हणून, गाडीखाली डोकं घालायला लागला. दादा असा ओरडला की मी दचकले. एसटीत पस्तीस वर्षं काढलेला हा शांत माणूस, त्याला इतक्या जोरात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "हवेवर उभ्या गाडीखाली जायचं नाही! चाक आणि मडगार्डमध्ये हातसुद्धा घालायचा नाही!" नळी एकदम सुटली तर गाडी क्षणात खाली येते, सावरायला वेळ मिळत नाही. घोड्या लावल्याशिवाय आणि त्या पक्क्या बसल्यात की नाही हे हलवून बघितल्याशिवाय कुणी खाली जायचं नाही. तुमच्या घरी अशी गाडी असेल, तर एवढं मात्र मुलांना आजच सांगून ठेवा.

आता खर्चाचा प्रश्न. हे म्हणाले, "काढूनच टाकू हे लचांड. साध्या स्प्रिंगा बसवू." तसं करता येतं, लोक करतातही. आणि हे नवीन नाही. अमेरिकेत १९५७ मध्ये कॅडिलॅक कंपनीनं एका अतिमहागड्या मोटारीत हवेचं सस्पेन्शन दिलं होतं. ते इतकं गळायचं की कित्येक मालकांनी पुढं साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. म्हणजे पुढारलेल्या देशातल्या श्रीमंतांचीही गाडी रात्री बसायची, हे ऐकून यांना जरा बरं वाटलं. पण स्प्रिंगा बसवल्या की गाडीची उंची कायमची ठरते आणि चालही कडक होते, असं दादाचं म्हणणं. सासूबाईंना अजून तपासणीला पुण्याला न्यायचं होतं. मी म्हटलं, यातून सुटका असेल तर हवाच राहू दे.

बलून मागचे दोन्ही बदलायचं ठरलं. दोघांचं वय सारखं, एक गेला की दुसरा फार दिवस टिकत नाही. कॉम्प्रेसरचं काय? तेव्हा मला माळ्यावरचं गोणपाट आठवलं! खाली काढलं. दादानं तो पहिला, मूळचा कॉम्प्रेसर अंगणात खाटेवर उघडला. मोटर चांगली होती. पिस्टनची रिंग घासून कागदासारखी झालेली. आणि ड्रायर नावाचा जो डबा असतो, त्यातले दाणे फुटून पीठ झालेले. हे दाणे म्हणजे नव्या चपलांच्या खोक्यात छोटी पुडी असते ना, तसलेच. हवेतलं बाष्प शोषून घेतात. आपण मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकतो, तीच युक्ती. ते निकामी झाले की ओली हवा आत जाते, व्हॉल्व्ह गंजतात, आणि पीठ झालेले दाणे नळीतून जाऊन डबीत अडकतात ते वेगळंच.

रिंग मिळाली, दाणे मिळाले, आणि दादानं आग्रहानं आणखी एक वस्तू आणायला लावली. नवा रिले. रिले म्हणजे कॉम्प्रेसरला वीज देणारं बटण समजा, काड्यापेटीएवढं. जुना कॉम्प्रेसर बराच वेळ चालून चालून या रिलेतले पत्रे चिकटतात, मग बटण बंद होतच नाही आणि नवा कॉम्प्रेसर न थांबता चालत राहतो. गॅरेजनं पहिल्या वेळी तो बदलला नव्हता. आमचा दुसरा कॉम्प्रेसर नक्की गळतीनं गेला की रिलेनं, यावर दादाचा आणि यांचा अजून वाद चालतो. म्हशीच्या मानानं रिलेची किंमत म्हणजे पेंडीची एक वेळ. कॉम्प्रेसर बदलाल तेव्हा त्याच्याबरोबर हा बदलाच.

या सगळ्याचे पैसे मी दिले, माझ्या भिशीतून. बदल्यात एकच अट घातली. त्या पंक्चरवाल्या पोराचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. म्हटलं, "दादा, याला तोंड कर."

दादाला कल्पना आवडली. नागापूर एमआयडीसीच्या बाजूला हवेच्या नळ्यांचं सामान मिळतं, तिथून त्यानं चांगल्या प्रतीचे जोड आणले. व्हॉल्व्हच्या डबीतून मागच्या बलूनला जाणाऱ्या नळीत एक 'टी' टाकला आणि त्याचं तिसरं टोक डिकीत, स्टेपनीच्या शेजारी आणून त्याला टायरला असतो तसाच व्हॉल्व्ह बसवला. दोन बलूनना दोन वेगळे व्हॉल्व्ह. यांनी विचारलं, एकच का नाही? दादा म्हणाला, "दोन्ही एकमेकांना जोडले तर वळणावर एकातली हवा दुसऱ्यात पळेल आणि गाडी कलंडत जाईल." आता कॉम्प्रेसर रस्त्यात गेलाच, तर पंक्चरच्या दुकानात किंवा सिगारेट लायटरच्या खोबणीत लावायच्या छोट्या पंपानं, थोडी थोडी हवा भरायची, मधे टेपनं मोजायचं, एकोणीस इंच झालं की थांबायचं आणि सावकाश घर किंवा गॅरेज गाठायचं. हे कायमचं औषध नाही हं. बलूनच फाटला असेल तर भरलेली हवा निघून जाणारच. शिवाय प्रत्येक नवा जोड म्हणजे गळतीची नवी जागा, म्हणून त्या जोडांवरही साबणाचं पाणी मारून घेतलं.

दादा निघताना सांगत होता, आता एसटीतही काळ बदलला. १ जून २०२२ ला, म्हणजे पहिल्या एसटीच्याच तारखेला आणि त्याच पुणे–नगर मार्गावर, एसटीची पहिली विजेची बस 'शिवाई' धावली. तिला इंजिनच नाही, मग कॉम्प्रेसर फिरवणार कोण? त्याला स्वतःची वेगळी मोटर. "म्हणजे आता सगळ्याच गाड्यांच्या कॉम्प्रेसरची मोटर जपायला शिकावं लागणार पोरांना," तो म्हणाला. निवृत्त झाला तरी त्याचा जीव अजून डेपोतच आहे.

मार्चमध्ये सासूबाईंना तपासणीला नेलं. जाताना त्या सुप्याच्या आधीच झोपल्या त्या शिक्रापूरला जाग्या झाल्या. येताना मी मुद्दाम त्या दुकानापाशी थांबायला लावलं. पोरानं ओळखलं. मी डिकी उघडून ते दोन व्हॉल्व्ह दाखवले. त्यानं बोटानं टोपी फिरवून बघितली आणि म्हणाला, "आता आलं तोंड! काकू, भरू का?" म्हटलं, नको रे बाबा, आज लागत नाही. त्याच्या आईसाठी तिळाचे लाडू नेले होते ते दिले. सासूबाईंनी खिडकीतूनच विचारलं, "चहा आहे का रं?" आणि पुन्हा बशीतून चहा झाला.

आता दर रविवारी रात्री मी गाडी मोजते. कॅलेंडर बदललं, रकाने तसेच आहेत. मध्यंतरी एका रविवारी टेप गुंडाळत होते, तर सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "सूनबाई, तशी माझीपण उंची मोज. मला आपलं सारखं वाटतं, एक पाय आखूड झालाय." डॉक्टर म्हणालेच होते, थोडा फरक राहू शकतो. त्यांना खाटेवर सरळ झोपवलं, कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय मोजले. अर्ध्या इंचाचा फरक होता. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी पुन्हा मोजून तेवढंच सांगितलं. नगरला चांभाराकडून त्यांच्या उजव्या चपलेला तेवढा तळ वाढवून घेतला. घालून अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाल्या, "हां. आता पाऊणेएकोणीसची एकोणीस झाले बघ."